न पाहिलेल्याचे गुण

लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते. तो लातूरचा की दादरचा, मुलगा की मुलगी, इंग्रजी शाळेतला की जिल्हा परिषदेच्या शाळेतला, हे तपासणाऱ्याला कळत नाही. प्रॅक्टिकलला मात्र तो ॲप्रन घालून समोर उभा असतो. आवाज कापतो का, ॲप्रनला इस्त्री आहे का, आडनाव काय, इंग्रजी कसे, हे सगळे परीक्षकाला पहिल्या अर्ध्या मिनिटात समजते. त्याला हृदयाची मर्मर ओळखता येते की नाही, हे समजायला बराच वेळ लागतो. पुष्कळदा ते समजतच नाही. तरीही गुण द्यावेच लागतात. हे पुस्तक त्या गुणांविषयी आहे.

सुरुवातीलाच एक विषय बाजूला ठेवू. परीक्षेच्या आदल्या रात्री येणारे फोन, ‘आपलाच मुलगा आहे, बघा जरा’ म्हणणारे जुने सहकारी, वशिला, देवाणघेवाण यांतले काही या पुस्तकात नाही. तो शिस्तभंगाचा आणि प्रसंगी फौजदारी मामला आहे. इथे विचार आहे तो सरळमार्गी परीक्षकाचा. त्याला कोणाचा फोन आलेला नाही, त्याला कोणावर राग काढायचा नाही, तो सकाळी वेळेवर वॉर्डात हजर असतो आणि दिवसभर आलेल्या प्रत्येक मुलाला न्याय द्यायची मनापासून धडपड करतो. त्याचेही गुण कलतात. कोणत्या बाजूला, किती आणि का, याचा अभ्यास जगभर अनेक दशके चालू आहे. आपल्याकडे परीक्षकांच्या चहाच्या टेबलावर यावर भरपूर बोलले जाते, मराठीत लिहिले मात्र फारसे जात नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. परीक्षक जे पाहत नाही, ती रिकामी जागा त्याचा कल भरून काढतो. म्हणून ‘निःपक्षपाती राहा’ असे परीक्षकाला बजावून फारसे काही साधत नाही. त्याने काय पाहिले, किती वेळा पाहिले, पाहिलेले कधी लिहिले आणि त्याच्याखेरीज आणखी कोणी पाहिले, हे प्रश्न विचारले तर पुष्कळ साधते.

आपल्याकडची लाँग केस जवळून पाहू. मेडिसिनचा वॉर्ड. विद्यार्थ्याला एक पेशंट आणि ठरावीक वेळ दिलेला आहे. समजा, पस्तिशीतली बाई आहे. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते. आता जिना चढताना धाप लागते, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोपवत नाही. माइट्रल स्टेनोसिसची सरळ केस. तिला डाव्या कुशीवर वळवले, श्वास सोडून थांबायला सांगितले आणि जिथे हृदयाचा ठोका हाताला लागतो तिथे स्टेथोस्कोपची बेल अलगद टेकवली, तर खर्जातली गुरगुर ऐकू येते. बेल जोरात दाबली की तीच गुरगुर हरवते. विद्यार्थ्याने बाईला कसे वळवले, तिच्या अंगावरची चादर कशी सावरली, बेल कशी धरली, यावरून तो पुढे कसा डॉक्टर होईल याचा चांगला अंदाज येतो. नेमके हेच कोणी पाहिलेले नसते. परीक्षक त्या वेळी दुसऱ्या खाटेपाशी असतात, नाहीतर टेबलावर व्हायवा घेत असतात.

नंतर विद्यार्थी केस प्रेझेंट करतो तेव्हा परीक्षकांच्या कानावर पडते ते एक तयार वाक्य: ‘मिड-डायस्टॉलिक मर्मर, लो पिच्ड, रम्बलिंग, बेस्ट हर्ड विथ द बेल’. हे वाक्य पाठ्यपुस्तकात आहे आणि ते सगळ्यांना पाठ असते. शिवाय परीक्षेला वरचेवर बोलावले जाणारे पेशंट मुरलेले असतात. घाम फुटलेल्या मुलाला ‘डॉक्टर, मला व्हॉल्वचा त्रास आहे, कुशीवर वळू का?’ असे तेच विचारतात. म्हणजे निदान पेशंटने सांगितलेले, वर्णन पुस्तकाने दिलेले, आणि गुण मात्र ‘तपासणी’ या रकान्यात.

त्याच खाटेवर दोन विद्यार्थी आळीपाळीने आले असे समजा. पहिल्याने स्टूल ओढून घेतले, बाईच्याच बोलीत, सबुरीने विचारले. दर तीन आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन तिने मधेच का सोडले, त्यासाठी तालुक्याला गेले की त्या दिवसाची मजुरी कशी बुडते, हे त्याने काढून घेतले. पण इंग्रजीत सांगताना तो अडखळतो, काळ चुकतो, ‘शी हॅज टोल्ड’वर थांबतो. दुसऱ्याने पाच प्रश्न विचारले, पण इंग्रजी सफाईदार आहे. त्याचे प्रेझेंटेशन ऐकताना परीक्षकाची मान आपोआप डोलते. गुणपत्रिकेवर रकाना ‘हिस्टरी टेकिंग’चा आहे. त्यात गुण पडले ते हिस्टरी सांगण्याला. इंग्रजी चांगले असण्यात गैर काही नाही, आणि सहकाऱ्याला केस नीट सांगता येणे हेही डॉक्टरचे कौशल्यच आहे. पण ते वेगळे कौशल्य आहे. घेताना कोणी पाहिले नाही, म्हणून सांगण्यावरून घेण्याचा अंदाज बांधला गेला. महाराष्ट्रातल्या प्रॅक्टिकलमध्ये कल शिरण्याची ही बहुधा सर्वांत रुंद वाट आहे.

एका गुणाचा उजेड दुसऱ्या गुणावर पडतो, हे ‘हेलो इफेक्ट’ म्हणजे वलयाच्या परिणामाचे मूळ निरीक्षण. त्याचा पहिला गाजलेला अभ्यास वैद्यकातला नाही, सैन्यातला आहे. १९२० साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी वरिष्ठांनी लष्करी अधिकाऱ्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य या चार वेगवेगळ्या गोष्टींचे गुण एकमेकांशी संशय यावा इतके जुळत होते. उंचापुरा माणूस हुशारही ठरत होता आणि भरवशाचाही. वरिष्ठांनी खोटे गुण दिलेले नव्हते. त्यांच्या मनात त्या माणसाविषयी एकच मत होते आणि ते त्यांनी चार रकान्यांत वाटून टाकले होते. आपल्या गुणपत्रिकांवर हिस्टरी, तपासणी, निदान आणि वागणूक असे सुटे रकाने असतात. त्यांतले आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर थॉर्नडाइक यांचे निरीक्षण शंभर वर्षांनीही शिळे झालेले नाही, हे दिसेल.

दुसरा कल शेजाऱ्यामुळे येतो. इंग्लंडमधील पीटर येट्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘जामा’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. वरिष्ठ डॉक्टरांना नवख्या डॉक्टरांच्या कामाच्या चित्रफिती दाखवून गुण द्यायला सांगितले. काहींना आधी उत्तम काम दाखवले, काहींना आधी सुमार. नंतर दोघांना तेच काठावरचे काम दाखवले. ज्यांनी आधी उत्तम पाहिले होते त्यांनी काठावरच्याला कमी गुण दिले, ज्यांनी सुमार पाहिले होते त्यांनी जास्त. काम तेच, चित्रफीत तीच. ‘माझ्या आधी टॉपर गेला’ ही मुलांची कुरकुर आपण हसण्यावारी नेतो; तिच्यात तथ्य आहे.

तिसरा कल स्वभावाचा. ‘एक्स्टर्नल कडक आहेत का रे?’ हा प्रॅक्टिकलच्या सकाळचा पहिला प्रश्न असतो, आणि तो अगदी शास्त्रीय आहे. ब्रिटनमधील एमआरसीपीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा, म्हणजे ‘पेसेस’चा, मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांनी २००६ साली केलेला अभ्यास दहा हजारांहून अधिक उमेदवारांच्या गुणांवर बेतला होता. गुणांमधल्या पद्धतशीर फरकापैकी ८७ टक्के उमेदवारांच्या कुवतीतून आला होता, १ टक्का स्टेशनमधून, आणि १२ टक्के परीक्षक कडक आहे की सढळ यातून. या परीक्षेत प्रत्येक उमेदवाराला पाच स्टेशनांवर मिळून दहा परीक्षक पाहतात आणि आपापले गुण स्वतंत्र देतात. त्यामुळे एखादा कडक निघाला तरी बाकीचे नऊ तोल सांभाळतात. जिथे दोनच परीक्षक एका टेबलावर बसून, एकमेकांकडे पाहून एकच आकडा लिहितात, तिथे हा तोल कोण सांभाळणार?

चौथा कल विद्यार्थी कोण आहे यावरून येतो. २०१७ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील आठ इमर्जन्सी मेडिसिन विभागांचा अभ्यास आला. ३५९ रेसिडेंट, २८५ शिक्षक आणि प्रत्यक्ष काम पाहून केलेल्या ३३,४५६ नोंदी. पहिल्या वर्षी स्त्री आणि पुरुष रेसिडेंट जवळपास बरोबरीने होते. तिसऱ्या वर्षापर्यंत पुरुषांचे गुण तीन-चार महिन्यांच्या जादा प्रशिक्षणाइतके पुढे गेले. गुण देणाऱ्या शिक्षकांत स्त्रियाही होत्या, पुरुषही. फरक दोघांच्याही गुणांत होता. या फरकाचे सारे कारण परीक्षकांचा कलच, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. प्रशिक्षणात कोणाला हातात काम मिळते आणि कोणाला बाजूला उभे केले जाते, याचाही त्यात वाटा असू शकतो. पण प्रशिक्षणाच्या वर्षागणिक अंतर वाढतच गेले, ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

या सगळ्यावर उपाय म्हणून आली ती ‘ओस्की’. १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. लांबलचक एका केसऐवजी छोटी छोटी अनेक स्टेशने, प्रत्येकावर एक काम, ठरलेला वेळ, घंटा झाली की पुढे. सगळ्यांना तेच काम, तेच निकष, आणि मुख्य म्हणजे परीक्षक काम होताना पाहतो. त्याआधीच अमेरिकेत खाटेपाशी घेतल्या जाणाऱ्या तोंडी परीक्षांचा भरवसा उडाला होता. दोन परीक्षकांची मते जुळत नाहीत, आणि एका पेशंटवरची कामगिरी दुसऱ्या पेशंटवर टिकत नाही, हे आकड्यांनी दाखवले होते. अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनने १९७२ साली आपली तोंडी परीक्षा बंद केली. २००२ साली जॉन नॉर्सिनी यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लाँग केसचा शेवट झाला का, असा सवालच मथळ्यात टाकला. लाँग केसवर त्यांचा रोख नव्हता. एकाच लाँग केसवर निकाल लावण्यावर होता. पेशंट बदलला की विद्यार्थीही बदलतो, हे आपणही वॉर्डात रोज पाहतो.

ओस्कीने पुष्कळ काही सुधारले. बालरोगशास्त्राच्या डीएनबीमुळे आपल्याकडे ती चांगलीच रुळली. पण चेकलिस्ट आली म्हणजे माणसाचा कल गेला, अशी जी समजूत पसरली तिला दोन अभ्यासांनी धक्का दिला. पहिला १९९२ सालचा, नोएल आणि सहकाऱ्यांचा. अमेरिकेतील २०३ शिक्षकांना रेसिडेंटच्या कामाच्या चित्रफिती दाखवल्या. त्यांत चुका मुद्दाम पेरलेल्या होत्या. मोकळ्या कागदावर लिहिणाऱ्या शिक्षकांना जेमतेम एक तृतीयांश बाबी टिपता आल्या. मुद्दे छापलेला फॉर्म दिल्यावर हे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. इथपर्यंत ठीक. पण ‘एकंदर कसा?’ या प्रश्नाला सुमारे ७० टक्के शिक्षकांनी ‘समाधानकारक’ किंवा त्याहून वरचे उत्तर दिले. चुका दिसल्या, लिहिल्या, आणि तरीही पास. दुसरा अभ्यास टोरांटोच्या ब्रायन हॉजेस यांचा, १९९९ सालचा. मानसोपचाराच्या ओस्कीत त्यांनी विद्यार्थी, रेसिडेंट आणि मुरलेले डॉक्टर अशा तिघांना बसवले. चेकलिस्टवर सर्वांत कमी गुण मुरलेल्या डॉक्टरांना पडले. अनुभवी माणूस सगळे प्रश्न विचारत नाही. दोन प्रश्नांत मुद्द्यावर येतो. यादीला ते दिसत नाही, जाणत्या परीक्षकाला दिसते. म्हणजे कल नको म्हणून परीक्षकाची जाणच काढून टाकली, तर दुसरीच चूक पदरात पडते.

परीक्षकाच्या कलाचा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे, हे समजून घ्यायला लंडनच्या न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणासारखे उदाहरण नाही, आणि त्याचा भारतीय डॉक्टरांशी थेट संबंध आहे. ब्रिटनमध्ये जीपी होण्यासाठी रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सची ‘क्लिनिकल स्किल्स असेसमेंट’ ही परीक्षा होती. उमेदवार एका खोलीत बसून राही. रुग्णाची भूमिका करणारे नट आणि परीक्षक एकामागून एक खोलीत येत. दहा-दहा मिनिटांच्या तेरा भेटी. रचना अशी की कोणालाही आदर्श वाटावी: ठरलेले प्रसंग, सराव केलेले नट, प्रशिक्षित परीक्षक, प्रत्येक स्टेशनला वेगळा डोळा.

तरीही निकालात मोठी दरी होती. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने अनीझ इस्माइल आणि ख्रिस रॉबर्ट्स यांना अभ्यास करायला सांगितले. तो २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. वय, लिंग आणि लेखी परीक्षेतली कामगिरी हिशेबात घेऊनही, ब्रिटनमध्येच शिकलेल्या अल्पसंख्याक वंशाच्या उमेदवारांची पहिल्या प्रयत्नात नापास होण्याची शक्यता, ऑड्सच्या भाषेत, गोऱ्या सहाध्यायांच्या सुमारे साडेतीन पट होती. परदेशात शिकून आलेल्या अल्पसंख्याक वंशाच्या उमेदवारांत ती चौदा पटींहून अधिक निघाली. गुण देण्यात वांशिक कल असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे लेखकांनी म्हटले. त्याच वर्षी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिस’मध्ये त्याच परीक्षेचा दुसरा अभ्यास आला. परीक्षक आपल्याच वंशाच्या, लिंगाच्या किंवा आपल्यासारख्या पदवीच्या उमेदवारांना झुकते माप देतात का, हे त्यात तपासले होते. तसा सर्वसाधारण कल आढळला नाही.

भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘बापिओ’ ही संघटना न्यायालयात गेली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायमूर्ती मिटिंग यांनी परीक्षा कायदेशीर ठरवली, दावा फेटाळला. पण संघटनेचा नैतिक विजय झाला आहे, असा शेराही दिला. दरी कमी करण्यासाठी कॉलेजने काही केले नाही, तर पुढचा दावा कॉलेजच्या विरुद्ध जाऊ शकेल, असा इशाराही निकालात होता. कोविडच्या साथीत, २०२० साली ही परीक्षा थांबली आणि नंतर तिची जागा दुसऱ्या पद्धतींनी घेतली.

या प्रकरणातून ‘गोरे परीक्षक पक्षपाती होते’ किंवा ‘आपले डॉक्टर कच्चे होते’ असा झटपट निष्कर्ष काढणे सोपे आहे. दोन्ही बाजूंनी तो काढलाही गेला. मला त्यातून तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रत्येक परीक्षक व्यक्तिशः निःपक्षपाती असला तरी परीक्षा कलू शकते. दहा मिनिटांत रुग्णाशी बोलणे म्हणजे काय, डोळ्याला डोळा किती वेळ भिडवायचा, ‘तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ हे कोणत्या सुरात विचारायचे, सल्ला द्यायचा की पर्याय मांडायचे, याचे एका समाजाचे संकेत असतात. तेच संकेत ‘चांगला संवाद’ म्हणून निकषात उतरले, तर नागपूर किंवा मिरजेत शिकलेला डॉक्टर पहिल्या स्टेशनपासूनच मागे पडतो, आणि त्याला मागे टाकणारा कोणी एक माणूस सापडत नाही. निकष लिहितानाच काही लोक गृहीत धरलेले असतात, काही नसतात. आपल्या प्रॅक्टिकलमधल्या इंग्रजीविषयी वर जे लिहिले, ते याच जातीचे आहे.

आतापर्यंतचा सूर असा वाटेल की कल म्हणजे अन्यायाने कमी पडलेले गुण. वाढीव गुणांविषयी कोणी तक्रार करत नाही, म्हणून ते दिसत नाहीत. माझ्या मते दोन्हींत धोका वाढीव गुणांचा अधिक आहे, कारण त्याची किंमत वॉर्डाबाहेरच्या कोणाला तरी मोजावी लागते. कॅनडात ३,४२४ डॉक्टरांचा पाठपुरावा करून टॅम्ब्लिन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले की परवान्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेत संवादाचे गुण कमी असलेल्या डॉक्टरांविरुद्ध पुढे वैद्यकीय नियामकाकडे अधिक तक्रारी गेल्या. म्हणजे ती परीक्षा खरोखरच काहीतरी पाहत होती. जिला दिसते तिने न सांगितले, तर तिचा उपयोग काय?

मग शिक्षक कच्च्याला नापास का करत नाहीत? नॅन्सी डुडेक आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ओटावातील शिक्षकांना हाच प्रश्न विचारला. विद्यार्थी कच्चा आहे हे आपल्याला कळले होते, असेच त्यांतल्या बहुतेकांचे म्हणणे होते. अडले ते चार ठिकाणी: कच्चेपणाच्या नोंदी ठेवल्या नव्हत्या, काय नोंदवायचे हे नेमके माहीत नव्हते, विद्यार्थी अपील करील आणि आपल्यालाच जाब द्यावा लागेल ही धास्ती होती, आणि नापास केल्यावर त्याला पुन्हा शिकवण्याची सोय नव्हती. या चारांतली तीन कारणे अखेर एकाच ठिकाणी येतात: पाहिलेले लिहिलेले नाही. ‘पुढे शिकेल’, ‘पीजीला कोणी तरी बघेल’, ‘गरिबाचे पोर आहे’, ‘सहा महिने वाया जातील’ ही आपली वाक्येही त्याच रिकाम्या जागेतून येतात. नोंद नसेल तर दया करणे सोपे जाते, आणि राग काढणेही.

लॉगबुकचे आपण काय केले ते इथे पाहण्यासारखे आहे. २०१९ पासून देशात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. अमुक कौशल्य विद्यार्थ्याने शिक्षकासमोर करून दाखवायचे आणि शिक्षकाने पाहून सही करायची, ही त्यातली कल्पना उत्तम आहे. पण टर्मच्या शेवटच्या आठवड्यात विद्यार्थ्यांची रांग लागते आणि वर्षभराच्या सह्या एका बैठकीत, एका पेनाने होतात. ‘पाहिले’ या शब्दाखालची ती सही कशाची साक्ष देते, हे सही करणाऱ्यालाही ठाऊक असते. नियम आणून पाहणे येत नाही. त्यासाठी शिक्षकाच्या दिवसातली दहा मिनिटे लागतात.

त्या दहा मिनिटांचे काय करायचे, याची उत्तरे उपलब्ध आहेत, आणि या पुस्तकाचा मोठा भाग त्यांना दिला आहे. नॉर्सिनी यांनी १९९५ साली मांडलेली ‘मिनी-सीईएक्स’ पद्धत हे त्यांतले एक. रोजच्या कामात, खऱ्या पेशंटवर, पंधरा-वीस मिनिटे विद्यार्थ्याला पाहायचे, लगेच बोलायचे, लगेच लिहायचे. एका भेटीच्या गुणावर भरवसा नाही. पेशंट आणि पाहणारे बदलून दहा-बारा भेटी झाल्या की चित्र स्थिर होते. दुसरे उत्तर प्रश्नाच्या शब्दांत आहे. ‘नऊपैकी किती?’ या प्रश्नाला शिक्षक सहा ते आठच्या मध्येच घुटमळतात. नेदरलँड्सच्या ओले टेन काटे यांनी २००५ पासून वेगळा प्रश्न रुजवला: हे काम याच्यावर सोपवता येईल का? रात्रपाळीला कॅज्युअल्टीत याला एकटे सोडून तुम्ही घरी जाल का, की फोनजवळ बसाल, की शेजारी उभे राहाल? ब्रिटनमध्ये जिम क्रॉसली आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले की गुणांची भाषा डॉक्टरांच्या रोजच्या विचाराच्या जवळ नेली, तर परीक्षकांची मते अधिक जुळतात. आपला कोणताही युनिट हेड हा प्रश्न रोज मनात सोडवतोच. परीक्षेच्या कागदावर मात्र तो येत नाही.

परीक्षकांना प्रशिक्षण दिल्याने काय होते, याबाबत पुस्तकात भाबडी आशा ठेवलेली नाही. होल्मबो आणि सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या अमेरिकन प्रयोगात प्रत्यक्ष सरावावर भर देणाऱ्या प्रशिक्षणानंतर, काही महिन्यांनीही, शिक्षक अधिक काटेकोर राहिले. उलट २००९ साली कुक आणि सहकाऱ्यांनी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घेतली, तर गुणांत काही फरक पडला नाही. जेनिफर कोगन यांच्या अभ्यासातून आणखी एक अवघड गोष्ट पुढे आली: शिक्षक विद्यार्थ्याला बरेचदा स्वतःशी ताडून पाहतो. ज्याची स्वतःची हिस्टरी घेण्याची सवय ढिली, त्याला विद्यार्थ्याचा ढिलेपणा खटकत नाही. प्रमाणपत्र वाटणाऱ्या एका दिवसाच्या कार्यशाळेने हे सुटणारे नाही.

अभ्यासकांत या विषयावर आज तीन मते आहेत; अँड्रिया जिंजरिच आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ती नीट वेगळी केली. एक म्हणते, परीक्षकाला शिकवता येते. दुसरे म्हणते, माणसाचे मन चुकणारच, म्हणून व्यवस्था अशी हवी की चुका एकमेकींना छेद देतील. तिसरे म्हणते, दोन जाणत्या परीक्षकांची मते वेगळी पडली तर दोघेही बरोबर असू शकतात, कारण दोघांनी त्याच विद्यार्थ्यातले वेगळे काही पाहिलेले असते. त्यांची सरासरी काढण्यापेक्षा दोघांनी काय लिहिले ते वाचावे. पुस्तकातल्या लेखकांचे यावर एकमत नाही, आणि मी ते घडवायचा प्रयत्नही केला नाही. माझा स्वतःचा ओढा तिसऱ्याकडे आहे, पण एका अटीवर: दोघांनी खरोखर पाहिलेले असले पाहिजे. न पाहता पडलेला मतभेद हा नुसता दोन स्वभावांतला फरक असतो.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात कल कसे शिरतात, दुसऱ्यात परीक्षांच्या पद्धती आणि त्यांच्या मर्यादा, तिसऱ्यात आपल्या महाविद्यालयांत, आहे त्या मनुष्यबळात आणि आहे त्या वेळेत काय करता येईल. घाईत असलेल्या शिक्षकाने तिसऱ्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. विद्यार्थ्यांनीही पुस्तक वाचावे. परीक्षकाला नावे ठेवायला नव्हे, तर आपल्याला मिळालेल्या चांगल्या गुणांकडेही जरा संशयाने पाहायला.

परीक्षकांसाठी मात्र एक काम इथेच सांगून ठेवतो. त्याला परिपत्रक लागत नाही की निधी. पुढच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक विद्यार्थ्याच्या खाटेपाशी पाच मिनिटे जाऊन उभे राहा, तो पेशंटला हात लावत असताना. शेजारच्या परीक्षकाशी एक शब्दही बोलण्याआधी आकड्याच्या शेजारी दोन ओळी लिहा: काय पाहिले, काय पाहायचे राहिले. मग दोघांचे कागद शेजारी ठेवा. आकडा कदाचित तोच येईल. पण उद्या नापास झालेल्या मुलीने, किंवा परवा त्या पास झालेल्या डॉक्टरच्या पेशंटने, हा गुण कशावरून दिला असे विचारले, तर उत्तर म्हणून तुमच्या हातात ‘तसे वाटले’ यापेक्षा अधिक काही असेल.